एक खूण उजवीकडे

द्वारका, सेक्टर १९
३ मार्च २०२५

चि. परीक्षित,

आशीर्वाद द्यायची पद्धत आहे म्हणून देते. मनापासून नाही, हे आधीच सांगते.

पत्र बघून नाक मुरडशील. पण ‘आपली माणसं’ ग्रुपमधून मला काढलंस तू, नंबर ब्लॉक केलास तू. मग मी काय गुडगावला येऊन तुझ्या सोसायटीच्या गेटवर ओरडू? त्यापेक्षा स्पीड पोस्ट बरं.

काल सोहन्याच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले तर तुझ्या बहिणीच्या, पूर्वीच्या, रायफलवर माझा स्कोप नाही. माझा, ज्या दुर्बिणीतून मी इतकी वर्षं नेम धरला तो. तो कापडी पिशवीत गुंडाळून बाकाखाली ठेवलेला, आणि त्याच्या जागी लोणच्याच्या बरणीएवढं काहीतरी काळं धूड. विचारलं तर तुझी बहीण मान खाली घालून म्हणते, “दादाने दिलाय.” अच्छा! चार वर्षं तिला मी शिकवते आहे, आणि दादा एका दुपारी येऊन स्कोप बदलतो. विचारायचं राहू दे, सांगायचंही सुचलं नाही?

मी डोळा लावून बघितलं. माझ्या स्कोपमध्ये एक साधी फुली आहे. आडवी तार, उभी तार, मधे निशाणाची लोखंडी थाळी धरायची, घोडा दाबायचा. वारा असेल तर नॉब फिरवायचं, तेवढे टिक्‌ टिक्‌ मोजायचे, पुन्हा फुली मधोमध. तुझ्या त्या धुडात फुलीच्या खाली आख्खं झाड उगवलंय. खुणा, ठिपके, आकडे, फांद्या. पोरीने थाळी बघायची की रांगोळी मोजत बसायची?

वीस एप्रिलला निवड आहे हे तुला माहीत आहे. दोनशे मीटरपर्यंतची पॉइंट टू-टू रायफल, चार मुली निवडून परदेशी स्पर्धेला जाणार. आणि तुझ्या बाबांनी, म्हणजे माझ्या भावाने, तिला काय सुनावलंय तेही माहीत आहे. या वेळी नाव लागलं नाही तर मुनिरकाची खोली सोडायची, पुण्याला यायचं आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं. असं सगळं गळ्याशी आलेलं असताना तुला प्रयोग सुचतात!

रविवारच्या आत माझा स्कोप परत चढव.

लतिका आत्या

---

गुडगाव
९ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं.

ग्रुपमधून का काढलं ते तुम्हाला बिल्कुल माहीत आहे. माझ्या प्रमोशनच्या फोटोखाली तुम्ही लिहिलंत, “चला, कुठेतरी नेम लागला.” चाळीस नातेवाईकांसमोर. 

आता स्कोपबद्दल. तुमच्या फुलीची तार इतकी जाड आहे की दोनशे मीटरवरची थाळी तिच्यामागे जवळजवळ लपते. आपली पूर्वी चार वर्षं न दिसणाऱ्या गोष्टीवर नेम धरते आहे. शिवाय वारा तुमच्या नॉबसाठी थांबत नाही. अरवलीच्या त्या उतारावर तो दर मिनिटाला बदलतो. ती बिचारी नॉब फिरवेपर्यंत वारा पडलेला असतो आणि वेळ संपलेली असते. तुम्ही ज्याला झाड म्हणता त्याला रेटिकल म्हणतात. त्यातल्या खुणा वाऱ्यासाठीच असतात. नॉबला हात लावायचा नाही, फुलीऐवजी थाळी बाजूच्या खुणेवर धरायची, झालं. मी तीन महिने वाचून, लोकांना विचारून हा निवडलाय. याला झूम आहे, आणि झूम कमी-जास्त केला तरी रेघा तेवढ्याच बारीक दिसतात, तुमच्या तारेसारख्या दोरखंड दिसत नाहीत.

तुमचा स्कोप परत चढणार नाही. खरं कारण स्कोप नाहीच, आत्या. तुम्हाला ऐकणारं माणूस लागतं. मी ऐकत नव्हतो म्हणून एकोणिसाव्या वर्षी तुम्ही मला सगळ्या रेंजसमोर हाताला धरून गेटबाहेर काढलंत. पूर्वी ऐकते, म्हणून ती लाडकी. तिला जिंकू द्या, एवढंच म्हणतो.

परीक्षित

---

द्वारका
३१ मार्च

चि. परीक्षित,

‘तुम्ही’? लहानपणी “ए आत्या, ए आत्या” करत पदर ओढायचास. आता मीही तुला ‘आपण’ म्हणू का, साहेब?

गेटबाहेर का काढलं तेही लिही ना पुढे. अर्धवट का सोडलंस? गोळी भरलेली रायफल घेऊन तू मित्राला काहीतरी दाखवायला गर्रकन वळलास आणि नळी सहा माणसांच्या पोटावरून फिरली. त्यातलं एक पोट माझं होतं. माझा बाप तसा वळला असता तर त्यालाही काढलं असतं. पंधरा वर्षं हेच उगाळत बसला आहेस, कमाल आहे तुझी.

असो. धूड राहू दे. पूर्वीने हात जोडले, “आत्या, आता पुन्हा बदल नको, डोळ्याला सवय झाली आहे.” तिच्यासाठी सोडते, तुझ्यासाठी नाही. गेले तीन रविवार आम्ही दोघी सोहन्याला पहाटेपासून होतो. वाऱ्याचा तक्ता मी स्वतः केला आहे. बाभळीचं पान किती हलतं, रेंजवरच्या फडक्याचं टोक किती उचलतं, त्याला किती धरायचं, सगळं. रायफलच्या दस्त्यावर चिकटवून दिला आहे. कसा केला ते तुला सांगायची मला गरज वाटत नाही. सांगितलं की तू तीन महिने वाचलेलं मला ऐकवशील.

पूर्वीकडून शब्द घेतला आहे की तक्ता सोडायचा नाही. एक गोळी चुकली की पुढची तिच्यामागे धावते, तिसरी दुसरीच्या मागे, आणि मॅच संपते. मी हे बघितलंय, तिने बघायला नको. जे लिहिलंय तेच धरायचं.

आणि तू रेंजकडे फिरकायचं नाहीस. त्या स्कोपला तर हातही लावायचा नाही.

लतिका आत्या

---

गुडगाव
१४ एप्रिल

ती. आत्या,

फिरकलो. परवा शनिवारी, तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतात तेव्हा. माझी बहीण आहे, मला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या पहाटेच्या सरावाचं कौतुक आहे, पण निवड दुपारी बाराला सुरू होते, हे तुमच्या लक्षात आलंय का? एप्रिलची दुपार आहे. जमिनीतून वाफा निघतात, थाळी तव्यावरच्या पाण्यासारखी नाचते. पूर्वी म्हणाली, “दादा, मला थाळीच्या जागी तीन थाळ्या दिसतायत.” तुम्ही इतकी वर्षं शिकवता आणि हे साधं तुम्हाला दिसलं नाही!

मी त्याचा बंदोबस्त केलाय. आता तिला थाळी स्वच्छ दिसते. त्या दिवशी वाऱ्याचं नाव नव्हतं, पान हलत नव्हतं, आणि तिने दोनशेवरच्या सगळ्या थाळ्या वाजवल्या. काय केलं ते तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही रविवारी जाऊन उलटं कराल, फक्त मी केलंय म्हणून. पूर्वीलाही बजावलंय की निवड होईपर्यंत आत्याला बोलायचं नाही. तुम्ही शब्द घेऊ शकता तर मीही घेऊ शकतो.

निवडीच्या दिवशी मी येणार नाही. तुम्हीही येऊ नका. तिला कुणाचीच तोंडं दिसायला नकोत.

परीक्षित

---

गुडगाव
२१ एप्रिल

आत्या,

झालं समाधान?

पन्नासवर सगळ्या लागल्या. शंभरवर सगळ्या लागल्या. मग वारा उठला आणि त्यापुढे एकही नाही. दोनशेवर एकही थाळी वाजली नाही, आत्या. नवव्या नंबरवर आली. जी चौथी आली तिला पूर्वीने गेल्या महिन्यात दोनदा हरवलंय.

तुमचा तक्ता! तीन रविवार पहाटे उठून केलेला, बाभळीच्या पानांचा! वारा आला की तक्ता लागणार होता, आणि वारा आल्याबरोबर सगळं गेलं. लहान मुलाला कळेल कुणाचं चुकलं. आणि वर शब्द घेऊन ठेवलेला की सोडायचा नाही. ती सोडणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

फोन बंद करून बसली आहे. काल संध्याकाळी मुनिरकाला गेलो, दार उघडलं नाही. आतून म्हणाली, “दादा, जा.” बाबांनी पुण्याचं तिकीट काढलंय. आता तिला बँकेत बसवा आणि तुमचा तक्ता फ्रेम करून द्वारकाच्या हॉलमध्ये लावा.

परीक्षित

---

द्वारका
२५ एप्रिल

परीक्षित,

आज आशीर्वाद नाहीत.

तुझं पत्र वाचून रडत बसले नाही. रेंजवर गेले. इंद्रजित आहे ना, तिथला रेंज अधिकारी, त्या दिवशी तो पूर्वीच्या मागेच उभा होता. त्याला म्हटलं, गोळ्या कुठे पडल्या ते मला मातीत दाखव. उन्हात दोनशे मीटर चालत गेलो. थाळीच्या मागच्या बांधावर तिच्या गोळ्यांची भोकं अजून होती. सगळी एका जागी, परीक्षित. एका ओंजळीत मावतील अशी. उंची तंतोतंत थाळीची. फक्त सगळी डावीकडे, हातभर. माझी पोरगी चुकली नव्हती. जिथे धरलं तिथेच तिने मारलं.

वारा डावीकडून होता, तक्त्याप्रमाणे तिने दोन खुणा डावीकडे धरलं. गोळ्या पडल्या बरोबर आणखी तेवढ्याच डावीकडे. म्हणजे तक्ता चुकला नाही, कुणीतरी तो दुप्पट केला. मग मी स्कोप बघितला. झूमच्या कड्यावर तुझी काळी टेप. वाफा कमी दिसाव्यात म्हणून चोवीसचा झूम तू बारावर आणून चिकटवून ठेवलेला!

इंद्रजितने दोनशेवर फळीला मीटरपट्टी टांगली. चोवीसवर एका खुणेत वीस सेंटिमीटर मावतात. बारावर त्याच खुणेत चाळीस. तुझ्या झाडाच्या फांद्या झूम बदलला तरी तेवढ्याच दिसतात, पण पलीकडचं जग लहान होतं, म्हणून एका फांदीत दुप्पट जग मावतं. ज्या गोष्टीची तू फुशारकी मारलीस तिनेच घात केला. माझ्या जुन्या स्कोपला झूमच नाही, त्याची फुली आयुष्यभर तेवढीच राहिली. मला कुठून कळणार होतं?

शहाण्या, अरे, निदान सांगायचंस तरी! तीन महिने वाचलंस ना?

लतिका

---

गुडगाव
२९ एप्रिल

आत्या,

मला माहीत होतं.

या स्कोपच्या खुणा फक्त चोवीसवर खऱ्या, हे डब्यातल्या कागदावर पहिल्या पानावर छापलंय. पण तुम्ही खुणा वापरताय हे कुठे माहीत होतं? तुम्ही झाडाला नावं ठेवलीत. जन्मभर नॉब फिरवत आलात. मी समजून चाललो की तक्ता नॉबचा आहे, इतके टिक्‌ डावीकडे, इतके उजवीकडे. नॉबला झूमशी काही देणंघेणं नसतं, बारा असो की चोवीस. म्हणून मी बिनधास्त टेप लावली. तक्त्यावर नुसते आकडे होते, दोन, दीड, तीन. मी पूर्वीला विचारलं, “आत्याने केलाय ना?” ती हो म्हणाली. मला वाटलं, झालं तर मग, टिकच असणार.

म्हणजे माझं झाड तुम्हाला पटलं होतं. पहिल्याच रविवारी पटलं असेल. आणि “परीक्षित, तुझं बरोबर होतं” एवढी एक ओळ लिहायला तुमचा हात गेला नाही. उलट लिहिलंत, कसा केला ते सांगायची गरज वाटत नाही. ती एक ओळ लिहिली असतीत तर मी टेप लावलीच नसती. पूर्वीचं नाव आज यादीत असतं.

माझी टेप तुम्हाला दिसते, तुमचा ताठा तुम्हाला दिसत नाही. 

मी कंटाळलो आहे. तुमची-माझी सगळी पत्रं एका पाकिटात घालून पूर्वीच्या दाराखालून सरकवून येतो. कुणाचं चुकलं ते तिलाच ठरवू दे. तुमची हरकत असेल तर असू दे.

परीक्षित

---

मुनिरका
५ मे

आत्या आणि दादा,

दोघांना एकच पत्र लिहिते आहे, दोन प्रती काढून. माझं मराठी लिहिणं तुमच्याएवढं चांगलं नाही, समजून घ्या.

सगळी पत्रं वाचली. कुणाचं चुकलं ते ठरवायला सांगितलंय. पण आधी एक विचारते. इतकी पत्रं लिहिलीत, त्यात एकदा तरी कुणी विचारलं का, की पूर्वी, तुला काय दिसलं?

मला दिसलं होतं. पहिलीच गोळी. पॉइंट टू-टूला धक्का नसतो, आपली गोळी कुठे पडली ते स्कोपमधून स्वतःला दिसतं. बांधावर धूळ उडाली, थाळीच्या डावीकडे. किती डावीकडे, तर बरोबर एक खूण. झाडावर मोजून एक. झूम कितीही असू दे, जेवढं चुकलेलं दिसतं तेवढंच सरकायचं असतं. एक खूण उजवीकडे सरकले असते तर दुसरी गोळी थाळीवर होती. मला ते तेव्हाच, पडल्या पडल्या समजलं.

मग मी का सरकले नाही? आत्याला शब्द दिला होता की तक्ता सोडणार नाही. दादाला शब्द दिला होता की टेप काढणार नाही आणि बोलणार नाही. मी तिथे पडून विचार करत होते, यार, आत्याचं खरं असेल, माझ्या डोळ्यांचं चुकत असेल. दुसरी गोळी तिथेच. तिसरी तिथेच. मला दिसत होतं आणि मी मारत होते. तुम्ही दोघं तिथे नव्हतात, पण माझ्या डाव्या-उजव्या कानात तुम्हीच बोलत होतात.

मला तुमचा राग येतो. खूप येतो. तुम्ही माझ्यासाठी भांडलात असं तुम्हाला वाटतं. तुम्ही पंधरा वर्षांपूर्वीच्या गेटसाठी भांडत होतात, आणि रायफल माझी होती.

मी पुण्याला जाणार नाही. बाबांना सांगितलं, ते ओरडले, मग तिकीट रद्द केलं. संध्याकाळी इथल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले आहे. पुढची निवड ऑक्टोबरमध्ये आहे. स्कोप ठेवते आहे, तो चांगला आहे. आत्याचा जुना स्कोपही ठेवते आहे. कुठल्या दिवशी कुठला लावायचा ते मी ठरवेन.

दोघांनी रेंजवर यायचं नाही. इंद्रजित सरांना सांगून ठेवलंय. 

सोबत एक-एक वस्तू पाठवली आहे.

पूर्वी

---

द्वारका
१९ मे

परीक्षित,

तिच्या पाकिटात मला काळ्या टेपचा तुकडा आला. तुझा. म्हणजे माझा तक्ता तुझ्याकडे आला असणार. आधी वाटलं घाईत अदलाबदल झाली असेल. घाईत नाही झाली. ओळखते मी तिला.

काल सोहन्याला गेले होते. म्हटलं, बघू तर खरी, कोण अडवतं मला. ती रेंज उभी राहिली तेव्हा पहिली वाळूची पोती मी उचलली आहेत. इंद्रजित गेटवर आला, नमस्कार केला, आणि म्हणाला, “मॅडम, सॉरी. आपका नाम नहीं है.” माझं! मी त्याला दोन-चार शब्द ऐकवले. ऐकून घेतले त्याने, कुलूप मात्र उघडलं नाही. वर सांगतो कसा, “आपके भतीजे भी आए थे सुबह. उनको भी यही बोला.”

म्हणजे तूही गेला होतास. मेल्या, तुलाही राहवलं नाही.

माझं चुकलं असं मी लिहिणार नाही. आजही कुणी भरलेली रायफल घेऊन वळला तर हाताला धरून बाहेर काढेन, तू असलास तरी. एवढं खरं, की त्या गेटबाहेर सावली नाही, हे मला काल समजलं. तेव्हा तू किती वेळ उभा होतास मला माहीत नाही. मी मागे वळून बघितलं नव्हतं.

मी काल रिक्षाला परत पाठवलं आणि थांबले. वारा चांगलाच होता, फडकं सगळं ताठ झालेलं. आतून टप्‌ आवाज आला आणि मग काहीच नाही. चुकली. माझा हात आपोआप गजावर गेला, ओरडणार होते, “तक्ता बघ!” तेवढ्यात दुसरा टप्‌, आणि लांबून, पार दोनशेवरून, थाळी वाजली. मग प्रत्येक टप्‌नंतर वाजत राहिली.

सकाळी तू ऐकलंस का रे? की न थांबताच निघून गेलास?

आत्या